हिरोची तिरडी

आमच्या बाबांना बाजारात कुणी त्यांच्या नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. लहान-थोर, गिऱ्हाईक, अडते, सगळे त्यांना ‘हिरो’ म्हणत. एका मोठ्या हिंदी नटाचा चेहरा देवाने चुकून आमच्या घरीही पाठवला होता. हनुवटीवरची आडवी खूण सोडली तर तेच जाड ओठ, तेच अर्धे मिटलेले डोळे आणि चालताना तोच एक खांदा खाली. आई म्हणायची, वांग्यांची कॅरेट वाहून वाहून खांदा पडला, त्यात नट कसला आला? पण बाबांना ते आवडायचं. त्यांनी त्या नटाचा आवाजही उचलला होता, आणि तो त्यांच्या चेहऱ्याहून जास्त हुबेहूब होता.

वाशीमच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. माल काढायचा आणि अनसिंग, जऊळका, किन्हीराजा असे आसपासचे बाजार करायचे. बाबा पालाखाली उभे राहून त्या नटाच्या घोगऱ्या आवाजात ओरडायचे, “अरे ले जा, ऐसा बैंगन फिर नहीं मिलेगा!” आणि बाया हसत हसत पिशव्या पुढे करायच्या. शेजारच्या पालावर तीच वांगी तशीच पडून असायची. गणपतीत तर मंडळवाले त्यांना न्यायला यायचे. मरून रंगाचं चमकतं जाकीट, काळा गॉगल, गळ्यात रुमाल. हा सगळा साज आई ट्रंकेत फिनेलच्या गोळ्या टाकून ठेवायची आणि ठेवताना तोंड वाकडं करायची. कॉलेजात असताना मला या सगळ्याची लाज वाटायची. पुढे कळलं की आमच्या घरात आनंदी माणूस एकच होता, आणि तो हा होता.

मग तो नट बोलला.

कुठल्याशा मुलाखतीत त्याला विचारलं की तुम्ही पडद्यावर शेतकरी झालात, त्यासाठी काय केलंत? तो म्हणाला की आपण आमच्या बाजूला येऊन राहिलो होतो आणि तिथल्या लोकांचं खरं पीक म्हणजे रडणं आहे. पाऊस आला तरी रडतात, नाही आला तरी रडतात, आणि मधल्या वेळात झोपतात. मुलाखत घेणारी बाई हसली. तोही हसला. तेवढाच तुकडा कापून कुणीतरी सोडून दिला आणि दुपारपर्यंत तो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर होता.

बाबांनी तो पाहिला तेव्हा ते मेथीच्या जुड्या बांधत होते. आधी ते हसले. “आपलं पीक तं वांगे हाय बापा,” म्हणाले. नंतर त्यांनी तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा आईने मोबाइल हातातून काढून घेतला. मी संतापले होते. पहाटेच्या दवात वाकून ज्यांची कंबर गेली त्यांना हा झोपाळू म्हणतो! त्या दिवशी तो समोर असता तर मीही पायातली काढली असती. हे सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार साळसूद वाटायला नको.

पुढच्या बाजारात पहिल्यांदा काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. पाल लावलं, ढीग मांडले, तरी बायका थोड्या लांबूनच बघत होत्या. बाबांनी नेहमीसारखा आवाज लावला आणि हसायचं सोडून दोन-तीन माणसं वळून आमच्याकडे पाहत उभी राहिली. एक ओळखीचे काका पुढे आले. दर बाजारी आमच्याकडूनच भाजी नेणारे.

“काय हिरो, आमी झोपतो काय?” त्यांनी विचारलं.

“म्या कुठं म्हनलं काका?”

“आवाज तं तुयाच होता.”

लोक हसले, काकाही हसले. पण वांगी न घेता गेले. त्यांच्यानंतर आलेल्याने फर्माईश केली, त्याच आवाजात माफी माग. मोबाइल समोर धरला. बाबांनी हात जोडून, आवाज काढून माफी मागितली, “गलती हो गई भाइयों.” पोरं खिदळली. मग दुसऱ्याला तेच पाहिजे झालं, मग तिसऱ्याला. चौथा म्हणाला, अशी नाही, कान धरून माग. बाबांनी कान धरले. मी तराजू आपटला आणि म्हणाले, “भाजी घ्याची असंन तं घ्या, नाईतं सरका!” आईने माझा हात दाबला.

टेम्पोतून घरी निघालो. कॅरेटमधून उरलेली वांगी तशीच परत येत होती. एवढा माल परत आणल्याचं मी आधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज काही ना काही घडू लागलं. पाणी सोडायला मळ्यात गेलो तर फाटकाला जुनी चप्पल टांगलेली. कुणाची खोडी असेल म्हणून बाबांनी काढून फेकली. दुसऱ्या दिवशी तिथे जोडी होती. अनोळखी नंबरांवरून फोन यायचे, बाबा “हॅलो” म्हणायचे, पलीकडे चार-पाच जण हसायचे आणि फोन ठेवायचे. बाजारात कान धरल्याचा तो व्हिडिओ कुठे कुठे फिरत होता. खाली लोक लिहीत होते. काहींना तो खरा नटच वाटला होता. ज्यांना तो नाही हे ठाऊक होतं, त्यांचं लिहिणं जास्त वाईट होतं. एकाने लिहिलं होतं, ‘तो मुंबईत, आपल्या हाताला लागत नाही. हा तर लागतो.’ आईला मी ते दाखवलं नाही.

मग एका सकाळी गणपती मंडळाची पोरं घरी आली. त्यांच्यात पुढे असायचा तो मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवणारा. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, बोलायला गोड. खाटेवर बसून त्याने पाणी घेतलं.

“काका, बाजाराच्या दिवशी आपन त्या नटाची अंत्ययात्रा काढून राह्यलो. तिरडी, मडकं, सारं. पुतळ्याले घालाले तुमचं ते जाकीट पाह्यजे. गॉगल बी.”

“ते माये कार्यक्रमाचे कपडे व्हय ना बापा.”

“तेच तं. त्याच्याशिवाय तो वाटनार कसा?” भाऊ हसला. “आन तुमी देल्लं तं लोकाईले बी समजंन, हिरो आपल्या बाजूनं हाय. आता कसं हाय काका, लोक काई बी बोलून राह्यले. मी सांगतो त्याईले, पन मी एकटा किती जनाईले सांगू?”

तो हे मनापासून सांगत होता की धमकी देत होता, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याला स्वतःलाही माहीत नसावं.

आई चुलीपाशी उभी होती. ती पुढे आली आणि पाहुण्यांदेखत बाबांना म्हणाली, “अंगावरचं कापड जाळाले देऊ नोका.”

“काहून काकू?” भाऊ म्हणाला. “जुनं तं हाय.”

आई चुलीकडे वळली. मला कारण ठाऊक होतं. बाबांचे एक चुलते तरुणपणी जऊळक्याच्या स्टेशनावरून गाडीत बसून गेले ते गेलेच. घरच्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि शेवटी रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस केला. त्याला त्यांचं धोतर नेसवलं, टोपी घातली, तिरडीवर बांधला, खांदा देऊन नेला आणि जाळला. तेरावं घातलं. तेव्हापासून ते चुलते मेले. कुणी म्हणे ते नंतर कुठल्या बाजारात दिसले होते, पण दिसून काय उपयोग? आजीने आईला सांगितलं होतं, माणसाचं कापड घालून पुतळा जाळला की तो माणूस जाळला. आईची यावर श्रद्धा होती. मी शिकलेली, मला हे सगळं थोतांड वाटायचं.

बाबांनी ट्रंक उघडली. “देऊन टाकतो,” ते आईला हळू आवाजात म्हणाले. “एकदाचं जळलं का लोकाईचा राग निवते. मंग आपन मोकये.” मलाही ते पटलं. पुतळा जळला की बाबा सुटतील, असा आम्हा दोघांचा हिशोब होता. भाऊने जाकीट हातावर टाकलं, गॉगल स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि पोरं हसत गेली.

बाजाराच्या दिवशी आम्ही पाल लावलं. न जावं असं आईला वाटत होतं, पण काढलेली भाजी काही वाट पाहत नाही. आणि न गेलो तर आणखी बोलतील, असं बाबांचं म्हणणं. ऊन चढायला लागलं होतं. बाजार भरला होता, पण नेहमीचा कालवा नव्हता. लोक भाव न करता भाजी घेत होते आणि मधूनमधून चौकाकडे पाहत होते. शेजारच्या पालावरच्या म्हाताऱ्या बाईने, जी एरवी दिवसभर बाबांची टिंगल करायची, आमच्या बाजूची ताडपत्री अर्धी खाली सोडून घेतली.

मग डफडं ऐकू आलं. आमच्याकडे प्रेतयात्रेपुढे वाजतं तसं, संथ. त्यामागून घोषणा, आणि मध्येच पोरं बायकांसारखा गळा काढून रडत होती. रडणं हे आमचं पीक ना, मग घे पीक, असा त्यातला विनोद होता. लोक हसत होते. गर्दी बाजारात शिरली तशी पालांमधली वाट भरून गेली. पुढे मडकं धरलेला पोरगा, त्यामागे तिरडी. ती आमच्या पालासमोर येऊन थांबली.

“हिरो! या, खांदा द्या!” कुणीतरी ओरडलं. लगेच सगळ्यांनी उचलून धरलं, “खांदा द्या! खांदा द्या!”

बाबा आईकडे पाहून हसले. माणूस डॉक्टरकडे आत जाताना घरच्यांकडे पाहून हसतो, तसं. पंच्याला हात पुसले आणि पुढे जाऊन तिरडीखाली खांदा लावला. तोच, पडका.

तिरडी त्यांच्या बाजूने कलली आणि मला पुतळा दिसला. सोयाबीनच्या कुटाराने, भुशाने भरलेलं अंग, वर आमचं मरून जाकीट, आणि तोंडाच्या जागी फ्लेक्सवर छापलेला चेहरा. त्या चेहऱ्याच्या हनुवटीवर एक आडवी खूण होती. विहिरीवरच्या रहाटाचा दोर सुटून बसलेला तो घाव. त्या नटाच्या हनुवटीला असली खूण नाही.

तो माझा बाप होता. गेल्या गणपतीच्या बॅनरवरचा.

शेजारी चालणाऱ्या एका पोराला मी गाठलं. फ्लेक्सच्या दुकानात काम करणारा, माझ्या वर्गात होता. “हा फोटो कोनाचा लावला रे?” मी किंचाळले.

“अवं, नेटवरचा मोठा केला का फाटते,” तो म्हणाला. “हिरोकाकाचा कॉम्प्युटरमधी क्लिअर होता. तसाही सारकाच तं दिसते.” त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. त्याच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती.

चौकापर्यंत जायला काही फार अंतर नाही. मी आणि आई गर्दीत घुसून मागे मागे गेलो. बाबांची मान खांद्यावरच्या बांबूमुळे वाकडी झाली होती आणि पुतळ्याचा चेहरा त्यांच्या कानाशी हलत होता. त्यांनी तो पाहिला होता. हे मला त्यांच्या पायांवरून कळलं, ते पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपत होते. बाया गच्च्यांवरून, दारांतून चपला फेकत होत्या. बहुतेक पुतळ्याला लागत होत्या. एक बाबांच्या पाठीत बसली. “चुकून लागली काका!” कुणीतरी ओरडलं आणि मोठा हशा झाला. त्यानंतर आणखी दोन चुकून लागल्या.

चौकात तिरडी उतरवली. रॉकेल ओतलं. भाऊने पेटता टेंभा घेतला, एकवार गर्दीकडे पाहिलं आणि टेंभा बाबांच्या हातात दिला.

“तुमीच द्या अग्नी. म्हंजे विषय संपला.”

हशा थांबला. मोबाइल वर झाले. एवढ्या माणसांमध्ये त्या क्षणी टेंभ्याचं चरचरणं तेवढं ऐकू येत होतं. बाबांच्या मागे मोकळी जागा नव्हती. ज्यांना ते दर बाजारी वांगी देत होते ती माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि एकाचाही चेहरा मला ओळखीचा वाटेना. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. बाबा नाही म्हणाले तर काय होईल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीही तसं ठरवून आलेलं नसताना ठाऊक होतं.

बाबांनी खाली वाकून आपल्या तोंडाला आग लावली.

फ्लेक्स आधी फुगलं, मग हनुवटीपासून वर गुंडाळत गेलं. गर्दीने आरोळी ठोकली. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि दातांत धरला. मयताच्या घरी बाया धरतात तसा.

घरी आलो तर तिने बाबांना उंबरठ्याबाहेरच थांबवलं. कडुलिंबाची पानं दिली. बाबांनी ती निमूट चावली. मग अंगणातल्या दगडावर बसवून तिने कपड्यांसकट त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, बादलीमागून बादली. थोतांड हा शब्द माझ्या तोंडात आला नाही.

त्या दिवसापासून बाबांनी आवाज लावला नाही. बाजारात ते मुकाट उभे राहत, मागितलं की तोलून देत. घरीही दोन हाका मारल्याशिवाय बघत नसत. चप्पल टांगणं थांबलं, फोन थांबले. भाऊने शब्द पाळला म्हणायचा. आणि थोड्याच दिवसांत त्या नटाने माफी मागितली. पांढरा शर्ट घालून, डोळ्यांत पाणी आणून. तोही रडला म्हणा की! लोक म्हणाले, माणूस मोठ्या मनाचा आहे. त्याचा पुढचा सिनेमा लागला तेव्हा आमच्या गल्लीतली निम्मी पोरं गाड्यांवर ट्रिपल सीट बसून बघायला गेली. त्याला माफ केलं होतं. बाबांना माफ करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं.

बाबा वाळत चालले. डॉक्टरला काही सापडलं नाही. तेव्हा आई शेजारच्या पालावरच्या त्या म्हाताऱ्या बाईकडे गेली आणि विचारून आली. जिता माणूस जाळला गेला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं, पुन्हा नाव ठेवावं लागतं. एका सकाळी तिने ओसरीवर पाट मांडला, बाबांना बसवलं, ओवाळलं, हातावर साखर ठेवली. बाबा आधी हसले, मग तिचा चेहरा पाहून सावरून बसले. आईने लग्नात नाव घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर हळदीकुंकवातही नाव घ्यायची वेळ आली की ती पळ काढायची. ती त्यांच्या कानाशी वाकली. तिथे आत्या असायला हवी, पण आत्या उरली नव्हती. आईने त्यांचं नाव घेतलं. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

बाबांनी ओ दिली नाही. ती दुसऱ्याच कुणाला तरी बोलावत असल्यासारखे ते तिच्याकडे पाहत राहिले. तिने पुन्हा घेतलं, थोडं मोठ्याने. मग पुन्हा. तेव्हा कुठे बाबा म्हणाले, “हौ.” आणि ढसाढसा रडले.

त्यानंतरच्या बाजारात ते बरे दिसत होते. पाल त्यांनीच बांधलं. दुपारी पोरं आली, पुढे भाऊ. गणपती जवळ आले होते.

“हिरो! यंदा बी कार्यक्रम करा लागते. नवीन जाकीट घेऊन देतो तुमाले.”

बाबा वांगी तोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“ओ हिरो! आयकू येत नाई का?”

आजूबाजूची माणसं वळली. शेजारच्या बाईचा हात ताडपत्रीच्या दोरीकडे गेला. मी आईकडे पाहिलं, तर ती भाऊकडे पाहत होती आणि पदर सरळ डोक्यावर होता. बाबांनी पारडं खाली ठेवलं, हात पुसले, आणि मान वर करून आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं.

भाऊने ते नाव एकदा पुटपुटून पाहिलं. मग त्याने मागे वळून बाकीच्यांना विचारलं, “हे कोन व्हय रे?”